आठवड्याचा बेत: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न: आम्ही दोघंही नोकरी करतो, घरात सहा आणि अकरा वर्षांची मुलं आहेत. दर रविवारी सात दिवसांच्या जेवणाचा तक्ता करून फ्रिजवर लावते. सोमवार-मंगळवार निभतात, बुधवारी हमखास गाडी अडते आणि बाहेरून मागवावं लागतं. कुठे चुकतंय?

उत्तर: तुमचा तक्ता पदार्थांपासून सुरू होतो. आधी वेळ लिहा, पदार्थ नंतर सुचवा. सात वार मांडून प्रत्येकापुढे दोन वेळा लिहा: स्वयंपाक करणारं माणूस घरी कधी पोहोचतं आणि मुलांना कधी जेवायला लागतं. या दोन्हींमधल्या मिनिटांतून पंधरा सरळ वजा करा, कारण ती कपडे बदलण्यात आणि दप्तर उपसण्यात जातातच. बुधवारी पंचवीस मिनिटं उरत असतील आणि त्यापुढे पाऊण तासाचा पदार्थ लिहिला असेल, तर तो दिवस रविवारीच मोडलेला असतो.

दुसरं, सातही संध्याकाळी नवा स्वयंपाक ठरवू नका. चार पुरेत. दोन जेवणं त्या चारांतून निघावीत आणि एक जागा रिकामी ठेवावी. ही रिकामी जागा बहुतेक जण शनिवारी ठेवतात. आमच्या मते ती बुधवारी किंवा गुरुवारी हवी. उरलेलं तिथे संपतं आणि एखादा बेत चुकला तर तो सरकवायला जागा मिळते.

जेवणातून जेवण काढायचं म्हणजे काय, तर शनिवारी रात्री 400 ग्रॅम काबुली चणे भिजत घाला आणि रविवारी शिजवा. वजन दुपटीहून जास्त होतं. अर्धे सोमवारी रस्स्यात वापरले की चौघांचं भागतं. उरलेले चणे पाणी निथळून रविवारीच गोठवा. गुरुवारी ते भातात घाला, नाहीतर काकडी-टोमॅटोबरोबर कोशिंबिरीत. दोन्ही दिवसांची चव वेगळी राहायची तर चणे नुसते मिठात शिजवा, मसाला रस्स्यात घाला. सगळे चणे मसाल्यात शिजवले की गुरुवारीही सोमवारच जेवावा लागतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते: 'आदल्या रात्री' असा वेगळा रकाना. कडधान्य भिजवणं, गोठवलेलं चिकन फ्रीजरमधून खाली फ्रिजमध्ये ठेवणं ही कामं पदार्थाच्या दिवशी लिहून उपयोग नाही. अर्धा किलो चिकन फ्रिजमध्ये सुटायला रात्रभर, कधीकधी त्याहून जास्त वेळ लागतो. सकाळी विसरलो म्हणून ते दिवसभर ओट्यावर ठेवू नका, आत बर्फ असतानाच बाहेरचा थर जंतू वाढण्याइतका गरम होतो. त्या दिवशी बेत बदला.

राजम्याचा नियम तर वेगळाच कडक आहे. किमान पाच तास भिजवायचा, ते पाणी ओतून द्यायचं आणि नव्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळून उकळायचा. त्यातलं एक विषारी प्रथिन मंद आचेवर नष्ट होत नाही, त्यामुळे भिजवलेला राजमा थेट स्लो कुकरमध्ये टाकून ऑफिसला जाणं धोक्याचं आहे. अर्धकच्च्या राजम्याने जोराच्या उलट्या होतात.

या सगळ्याबाहेर वीस मिनिटांत होणारं एक जेवण घरात कायम असू द्या. तांदूळ किंवा पास्ता, अंडी आणि गोठवलेले मटार एवढ्यावर ते होतं. ते तक्त्यात लिहायचं नाही, वापरलं की खरेदीच्या यादीत लिहायचं.

प्रश्न: मी रविवारी तीन-चार तास उभं राहून पाच दिवसांचं शिजवून ठेवतो. गुरुवारच्या डब्याला वास येतो. फ्रिज तर नवा आहे. आणि भात किती दिवस चालतो?

उत्तर: शिजवलेलं अन्न फ्रिजमध्ये तीन ते चार दिवस धरावं. म्हणजे शुक्रवारचा वाटा फ्रिजमध्ये ठेवण्यात अर्थच नाही, आणि गुरुवारचाही काठावर आहे. हे दोन वाटे रविवारीच फ्रीजरमध्ये जायला हवेत. बुधवारी उरलेलं बघून गोठवलं तर तीन दिवस जुनं अन्न गोठतं.

पण गुरुवारीच वास येतो म्हणजे दोष बहुधा थंड करण्यात आहे. खोल पातेलं झाकून ओट्यावर ठेवलं की कडा निवतात आणि मधला भाग कित्येक तास कोमट राहतो. साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. शिजल्यावर लगेच उथळ डब्यांत काढा, थर दोन इंचांपेक्षा जाड नको. वाफ जाईपर्यंत झाकण तिरकं ठेवा आणि दोन तासांच्या आत डबे फ्रिजमध्ये टाका. खोलीत 32 अंशांहून जास्त उकाडा असेल तर एका तासात. अन्न पूर्ण गार झाल्याशिवाय फ्रिजमध्ये ठेवू नये म्हणतात, ते भल्यामोठ्या गरम पातेल्यापुरतं खरं आहे. कोमट लहान डबे खुशाल ठेवा. फ्रिज नवा असला तरी आत थर्मामीटर ठेवून बघा, 4 अंशांच्या आसपास दिसायला हवं. ठासून भरलेल्या फ्रिजमध्ये हवा फिरत नाही, आणि रविवारी रात्री तुमचा फ्रिज नेमका तसाच असणार.

भाताला पाच दिवस विसरा. बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. भात बाहेर राहिला की ते वाढतात आणि त्यांनी सोडलेलं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. भात तासाभरात पसरून थंड करा, फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी संपवा आणि एकदाच गरम करा. खरं तर भात करून ठेवण्यात वाचतं काय? तो शिजताना कुणाला उभं राहावं लागत नाही.

तुमचे चार तास आम्ही वेगळे वापरले असते. पाच पूर्ण जेवणांऐवजी घटक तयार ठेवा: शिजवलेली कडधान्यं, परतलेला कांदा, टोमॅटोचा घट्ट रस, चिरलेल्या भाज्या. कांदा मात्र एका वेळी दीड किलो पातेल्यात लोटू नका. गर्दीत तो परतला जात नाही, स्वतःच्याच पाण्यात शिजतो आणि लाल व्हायला तास लागतो. रुंद कढईत दोन-तीन घाणे करा. लसणाची पेस्ट तेलात बुडवून बाहेर ठेवायची सवय असेल तर ती आजच सोडा. तेलाखाली हवा पोहोचत नाही आणि तिथे बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात. पेस्ट बर्फाच्या साच्यात गोठवा. आलं-लसूण पेस्ट हिरवट झाली तर मात्र घाबरू नका, तो लसणातल्या गंधकयुक्त द्रव्यांचा खेळ आहे.

प्रश्न: गोठवलेला रस्सा गरम केला की बटाटा भुसभुशीत होतो आणि दह्याचं पाणी सुटतं.

उत्तर: होणारच. गोठताना बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात. बटाटा आणि दही वगळून रस्सा गोठवा, दोन्ही गरम करताना घाला. रसदार पदार्थाच्या डब्यात वर बोटभर जागा सोडा. भाज्या कच्च्या गोठवल्या तर रंग-चव उतरते, म्हणून आधी उकळत्या पाण्यात टाकून लगेच बर्फाच्या पाण्यात काढा: मटार दीड मिनिट, गाजराचे तुकडे दोन, फरसबी तीन. डब्यावर नाव आणि तारीख लिहा, महिन्याने कुठलाच लाल रस्सा ओळखू येत नाही.

प्रश्न: आठवड्याची भाजी एकदाच आणतो, निम्मी सडते.

उत्तर: माणशी एका जेवणाला 150 ग्रॅम भाजी धरा, चौघांना 600. याच्या दुप्पट पिशवीत येते, कारण ताजी भाजी बघून हात थांबत नाही. पालेभाजी सोमवार-मंगळवारी संपवा, मग फ्लॉवर आणि ढोबळी मिरची, शेवटी कोबी आणि गाजर. पालेभाजी धुऊन ओलीच ठेवली की काळी पडते, त्यामुळे न धुता कोरड्या कापडात गुंडाळा. केळी आणि सफरचंदं तिच्यापासून लांब ठेवा, त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने पानं लवकर पिवळी पडतात. कांदे-बटाटेही एका टोपलीत नकोत.

प्रश्न: तक्ता करताना मुलांना विचारावं का?

उत्तर: हो, पण 'काय करू?' असं नाही. दोन पर्याय द्या, दोन्ही तुम्हाला जमणारे, आणि आठवड्यातून एकाच दिवसापुरते. अकरा वर्षांच्या मुलाला त्या दिवशी मटार सोलायला किंवा कोशिंबीर कालवायला घ्या.