तांबेरा, भुरी आणि झाडपाल्याचा अर्क

प्रश्न : अक्का, वेदगंगेकाठी आमचं दोन एकर सोयाबीन असतं. गेल्या श्रावणात तांबेरा आला. लसूण, मिरची आणि कडुनिंबाचा पाला उकळून अर्क मारला, तरी पानं गळाली. अर्कात काय चुकलं? यंदा काय मारू?
– एक शेतकरी, ता. निपाणी

दादा, आधी लसणाचं सांगते. बुरशीला मारणारं ॲलिसिन अख्ख्या पाकळीत नसतंच. पाकळी ठेचली की आतलं एन्झाइम मोकळं होतं आणि मग ते तयार होतं, तोच तो डोळ्यांत झोंबणारा वास. पाकळ्या न ठेचता उकळत्या पाण्यात टाकल्या की ते एन्झाइम उष्णतेनं निकामी होतं आणि खाली उरतो नुसता काढा. लसूण बारीक ठेचायचा, दहा मिनिटं तसाच ठेवायचा, गार पाण्यात कालवून गाळायचा आणि त्याच दिवशी मारायचा. महिनाभर मुरवत ठेवलेल्या अर्कात ॲलिसिन राहत नाही, वास कितीही येऊ दे.

पण ताज्या अर्कानं तुमचा तांबेरा थांबला असता असं मी म्हणणार नाही. ही बुरशी पानाच्या आत शिरून वाढते. खालची पानं उलटून बघा, मागच्या बाजूला बारीक तपकिरी पुटकुळ्या असतात, बोट फिरवलं की तांबूस भुकटी लागते. वाऱ्यानं शेजारच्या रानात जाते ती हीच. अर्क पानावर बसतो, आत जात नाही, आणि श्रावणाच्या झडीत धुऊन जातो. ढगाळ हवा, तासन्‌तास ओलं राहिलेलं पान, हे तांबेऱ्याला मानवतं. म्हणजे रोग ज्या दिवसांत धावतो, नेमका त्याच दिवसांत अर्क पानावर टिकत नाही.

तेव्हा यंदा बियाण्यापासून सुरुवात करा. धारवाड कृषी विद्यापीठाचा डीएसबी 21 हा वाण तांबेऱ्याला चांगलं तोंड देतो. कसबे डिग्रजच्या केंद्राचा फुले संगमही आपल्या पट्ट्यात चालतो. उन्हाळी सोयाबीन आणि बांधावर आपोआप उगवलेली रोपं राखू नका, जिवंत पानाशिवाय ही बुरशी जगत नाही. ऑगस्ट लागला की दर तीन-चार दिवसांनी खालची पानं उलटून बघायची. पहिली पुटकुळी दिसली की प्रोपिकोनॅझोल 25 टक्के ई.सी. हे पाण्यात मिसळायचं बुरशीनाशक, लिटरला 1 मिली, पानांच्या मागून भिजेल असं मारा. डब्यावरचं लेबल आधी वाचा. माझा ओढा झाडपाल्याकडंच आहे, आणि म्हणूनच सांगते, जिथं तो पुरा पडत नाही तिथं मारून त्याचं नाव खराब करू नका.

प्रश्न : मुगावर पांढरी भुकटी बसल्यासारखी दिसतेय. शेंगा घरी खायच्या आहेत, विषारी औषध नको. काही उपाय आहे का?
– एक शेतकरी भगिनी, ता. रायबाग

आहे, आणि इथं झाडपाल्यावर माझा भरवसा आहे. ही भुरी. ती पानाच्या पृष्ठभागावरच पसरते, आत फार खोल जात नाही, त्यामुळं अर्क तिच्यापर्यंत पोचतो. शिवाय पावसानं उघडीप दिली की ती वाढते, म्हणजे फवारा धुऊन जायची भीती कमी.

आमच्या बांधावरच्या कडुनिंबाच्या निंबोळ्या मी ज्येष्ठ-आषाढात वेचते, गर धुऊन सावलीत वाळवते. उन्हात टाकल्या तर गुण कमी होतो. 5 किलो बी जाडसर कुटून 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजवायचं. सकाळी फडक्यातून पिळलं की ताकासारखं पांढरट पाणी निघतं. हे पांढरं पाणी निघालं नाही तर बी जुनं झालंय समजा, ते वापरू नका. 200 ग्रॅम साबणाचा चुरा वेगळ्या पाण्यात विरघळवून त्यात घाला आणि एकूण 100 लिटर करा. आधी चार-सहा झाडांवर मारून दोन दिवस बघा, मगच सगळ्या रानात. ऊन उतरल्यावर मारायचं, कडक उन्हात कडुनिंबाचा गुण लवकर जातो. दहा दिवसांनी परत एकदा. निम्मं पान पांढरं झाल्यावर मात्र अर्क पुरा पडत नाही, तेव्हा ठिपके दिसताच हात घाला. गंधक मारलं असेल तर कडुनिंबाचं तेल निदान पंधरा दिवस मारू नका, पानं करपतात.

प्रश्न : आमच्याकडं तंबाखूच्या काड्या नि धूळ फुकट मिळते. टोमॅटोच्या करप्यावर त्याचा काढा चालेल का?
– एक वाचक, ता. चिकोडी

नाही. निकोटीन किडीला मारतं, करप्याच्या बुरशीवर त्याचा भरवसा नाही. ते अंगावर पडलं तर कातडीतून भिनतं, चक्कर-उलटी होते. आणि वाळलेल्या तंबाखूतही मोझॅकचा, म्हणजे पानांवर हिरवे-पिवळे चट्टे पाडणाऱ्या रोगाचा, विषाणू जिवंत राहतो, तो टोमॅटो-मिरचीला हाताच्या नुसत्या स्पर्शानं लागतो. फुकटच्या काढ्यापायी करप्याबरोबर मोझॅकही रानात आणाल. करप्यासाठी खालची मातीला टेकलेली पानं काढून जाळा, झाडं बांधून उचला आणि पाणी पानांवर न टाकता बुडाशी द्या. तंबाखूच्या रानातून आलात की साबणानं हात धुऊनच टोमॅटोच्या वाफ्यात पाय ठेवा.