घरी विमान बांधायचंय? आधी एवढं कर

भाऊ, हौस सोडू नकोस, फक्त घाई करू नकोस. आधी गायक जॉन डेन्व्हरचा अपघात नीट समजून घे. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात तो दुसऱ्याने घरी बांधलेलं लाँग-ईझी जातीचं छोटं विमान उडवताना समुद्रात कोसळला. एका टाकीवरून दुसऱ्या टाकीवर इंधन वळवायची कळ आराखड्यात पायलटच्या पायांमध्ये होती, पण बांधणाऱ्याने ती डाव्या खांद्यामागे बसवली. ती फिरवायला मागे वळलं की उजवा पाय रडरच्या (विमान डावी-उजवीकडे वळवणाऱ्या भागाच्या) पेडलवर दाबला जायचा.

म्हणून:
- आराखड्यात स्वतःची अक्कल घालू नको. नवखे इथेच फसतात.
- विमान दुसऱ्याने बांधलेलं असेल तर जमिनीवरच बसून प्रत्येक कळ न बघता सापडेपर्यंत सराव कर.
- टाकीत स्वतः डोकावून इंधन बघ.

आपल्या नागपूरच्या मे महिन्यात तापून हवा विरळ होते, म्हणून धावपट्टी जास्त लागते, पहिली उड्डाणं हिवाळ्यातच ठेव. इंजिनाचं नंतर बोलू.