सर्व्हेत पर्याय द्यावेत की लोकांना मोकळं बोलू द्यावं?

तुम्ही लिहिलंय की तालुक्यातल्या ३०० शेतकऱ्यांना विचारायचंय, पीक विमा का काढत नाही, आणि गाईड म्हणतात सगळे प्रश्न टिकमार्कचे ठेवा. माझं म्हणणं, हा एक प्रश्न तरी आधी मोकळा विचारा, कारण याची उत्तरं तुमच्याकडे नाहीत, त्यांच्याकडे आहेत.

घरी बसून पर्याय काढले तर 'हप्ता परवडत नाही', 'माहिती नाही' इथपर्यंतच पोचाल. सातबारा अजून आजोबांच्या नावावर आहे, मागे नुकसान ७२ तासांत कळवावं लागायचं आणि त्या पावसात शेतात जायला वाटच नसायची, असलं काही यादीत येणार नाही, आणि समोरचा ते स्वतःहून सांगेलच असं नाही, यादीतलं जवळचं काहीतरी सांगून मोकळा होतो. अमेरिकेत २००८ च्या निवडणुकीनंतर प्यू रिसर्च या सर्व्हे करणाऱ्या संस्थेने विचारलं होतं, मत देताना कुठला मुद्दा सर्वात महत्त्वाचा वाटला. पर्याय दिले तर ५८ टक्के लोक अर्थव्यवस्था म्हणाले, न देता विचारलं तर ३५ टक्केच. यादी ऐकल्यावर तिच्याबाहेरचं बोलले फक्त ८ टक्के, मोकळं विचारल्यावर ४३ टक्के! त्यामुळे खाली 'इतर' लिहिलं की झालं, असं समजू नका.

पण सगळंच मोकळं ठेवलं तर काय होतं ते २०११ च्या जातगणनेत दिसलं. जातींची यादी आधी केलीच नाही, सांगतील ते लिहून घेतलं, एकाच जातीची स्पेलिंगं वेगवेगळी, देशभरात ४६ लाखांवर नावं. महाराष्ट्रात सरकारी यादीतल्या एससी, एसटी, ओबीसी मिळून जाती ४९४ आणि नोंदवलेल्या ४,२८,६७७. ओबीसी डेटासाठी आपलं राज्य सुप्रीम कोर्टात गेलं तेव्हा २०२१ मध्ये केंद्राने सांगितलं की हा डेटा वापरण्याजोगा नाही.

म्हणून आधी २५-३० शेतकऱ्यांशी मोकळं बोला आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवा. 'भरपाई मिळत नाही' आणि 'शेजाऱ्याला मिळाली, मला नाही' या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, घाईत एक करू नका. त्यातून आठ-दहा पर्याय बनवा, मग बाकीच्यांकडे जा. वय, एकर, पीक, पाण्याची सोय याला सरळ पर्याय किंवा आकडा, तिथे विचार करत बसू नका.

आणि तोंडी विचारणार असाल तर पर्याय तुमच्या कागदावर असू द्या, वाचून दाखवू नका. ते बोलतील, टिक तुम्ही करा, बसत नसेल ते बाजूला लिहून घ्या.