भोपाळचं मानव संग्रहालय दोन तासांत बघून होईल का?

सांचीहून परतताना दोन तासांत उरकेल का, असं विचारलंय तुम्ही. नाही उरकणार. श्यामला हिल्सवर जवळजवळ २०० एकरांत पसरलंय ते, आणि बराचसा भाग उघड्यावर.

माझेही दोनच तास ठरले होते. सोबत आई. आई पालघरमधल्या विक्रमगडकडची, वारली जमातीची. संग्रहालयात देशभरातल्या आदिवासींची घरं आहेत, त्या त्या जमातीच्या माणसांनी येऊन स्वतः बांधलेली. नागांचा मोरुंग, म्हणजे गावातल्या तरुण पोरांचं एकत्र राहायचं घर, तोडांची आडव्या पिंपासारखी झोपडी, सगळं बघत आई नुसती "हं, हं" करत चालली होती. वारली घर आलं आणि तिने दाराशी चपला काढल्या. मलाही काढायला लावल्या. कारवीच्या कुडावरून हात फिरवला, सारवणातले बोटांचे फराटे निरखले आणि म्हणाली, "घाईत सारवलंय. पण हात आपल्याच बाईचा."

शेजारी एक गृहस्थ मुलांना सांगत होते, "बघा, पूर्वी लोक असे राहायचे." आई मला म्हणाली, "पूर्वी म्हणजे तू दहावीत होतास तेव्हा."

तासभर तिथून हलली नाही.

आमचं घर अस्संच होतं. दादाने पाडून स्लॅब टाकला. निदान ओटी तरी ठेव म्हणालो, तर म्हणे, "तू दिवाळीचे दोन दिवस येतोस, तुला काय!" तेव्हापासून कोणी 'झोपड्या काय बघायच्या' म्हटलं की माझं डोकं फिरतं. दादा, हे वाचत असशील तर ऐक. जे जपायला सरकारने १९७७ साली अख्खी संस्था काढली, ते तू एका सकाळी जेसीबी लावून पाडलंस.

आता खरं सांगायचं तर दर पावसाळ्यानंतर कुड लिंपायला मी काही ठाण्याहून जात नव्हतो. ते वहिनी करायची. स्लॅब झाला तेव्हा सगळ्यात खूश तीच होती.

असो. अख्खा दिवस ठेवा, सोमवारी जाऊ नका, बंद असतं. आवारातच प्राचीन चित्रं असलेले शैलाश्रय, म्हणजे कातळाखालचे आडोसे आहेत; जवळचं चित्रांच्या गुहांचं भीमबेटका जमणार नसेल तर मुलांना निदान ते दाखवा. वीथी संकुल, म्हणजे इमारतीतलं प्रदर्शन, मी धावतपळत बघितलं, त्याचं दुसऱ्या कोणाला विचारा.