उंची 6 फूट 2 इंच, लायसन्स नुकतंच मिळालंय. पहिली बाईक कोणती घेऊ?

हिरो एक्सपल्स 210 घ्या. सीट 830 मिमी, वजन 170 किलोच्या आसपास, म्हणजे लांब पायांनाही पुरते आणि नव्या हातालाही झेपते. सीटची उंची सगळेच बघतात. पण उंच माणसाला खरा त्रास होतो तो सीट आणि फूटपेग (पाय ठेवायची दांडी) यांच्यातल्या कमी अंतराचा. गुडघे फार दुमडले की तासाभरात दुखायला लागतात. रॉयल एनफिल्डची हंटर 350 (सीट 790 मिमी) दिसायला झकास, पण तुम्हाला तोकडी. त्यांचीच हिमालयन 450 मापाला बसते, मात्र 196 किलो. गर्दीत यू-टर्न घेताना कलली तर नवख्याला सावरणं कठीण.

शोरूममध्ये कुणाला तरी बाईक सरळ धरायला सांगा, दोन्ही पाय फूटपेगवर ठेवा आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. गुडघा हँडलला अडला, तर ती बाईक सोडा. हँडल रायझरने (हँडल उंच करणारा जोडभाग) पाठ सरळ होते, गुडघे नाही. आणि फार उंच रायझर लावला तर क्लच केबल, ब्रेक होज ताणतात.

मागे रोज आई किंवा बायको बसणार असेल तर त्यांनाही ट्रायलला न्या, एवढ्या उंच सीटवर साडीत चढणं सोपं नाही.