सगळे ‘हो’ म्हणतात, वापरत कुणीच नाही

प्रश्न : आमच्या बाजारभावाच्या अ‍ॅपला शेतकरी ‘उपयोगी आहे’ म्हणतात, पण उघडत नाहीत. विचारण्यात काय चुकतं?

उत्तर : ‘आवडेल का?’ला माणूस भिडेखातर होच म्हणतो. त्याऐवजी ‘मागच्या खेपेला कांदा विकलात, तो दिवस पहाटेपासून सांगा’ म्हणा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ मध्ये मांडलेली पद्धत याच वाटेची : मत नको, घडलेला प्रसंग हवा. मध्ये फक्त ‘मग?’, ‘तेव्हा भाव कुणाला विचारलात?’. ‘का’ जपून, त्यावर सारवासारव ऐकू येते. गप्प झाले तर ५-७ सेकंद थांबा, अनेकदा खरी गोष्ट त्यानंतर येते. ‘आम्ही नेहमी...’ सुरू झालं, की पुन्हा त्याच दिवसावर आणा. आडत्याची पट्टी (विक्रीच्या हिशेबाची पावती) आणि फोनमधले त्या दिवशीचे कॉल दाखवायला सांगा. आठवण तिथे दुरुस्त होते. आणि हो, अ‍ॅप शेवटपर्यंत खिशातच ठेवा.