इथेनॉलचा पैसा आणि उसाचे बिल : वाचकांची प्रश्नोत्तरे

गळीत हंगाम सुरू झाला की इथेनॉलविषयी तेच गैरसमज घेऊन पत्रे येऊ लागतात. त्यांपैकी काही प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या कारखान्याने डिस्टिलरी उभारली आहे. इथेनॉलवर सभासदांना लिटरमागे वेगळी रक्कम मिळेल का?

उत्तर : नाही, तशी कोणतीही तरतूद नाही.

प्रश्न : कारखान्याचा उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण, पूर्वी बारा टक्के असे. बी हेवी मळीपासून (बरीच साखर शिल्लक असलेल्या मळीपासून) इथेनॉल सुरू झाल्यावर तो साडेदहा दाखवतात आणि बिलही त्यावरच काढतात. इथेनॉलमुळे उतारा घटणारच, असे शेतकी खात्यातील लोक सांगतात. हे बरोबर आहे का?

उत्तर : अर्धेच बरोबर आहे, आणि तुमचे पैसे उरलेल्या अर्ध्यात आहेत. बी हेवी मळी बाजूला काढली की तिच्यातील साखर पोत्यात न जाता इथेनॉलमध्ये जाते, त्यामुळे गोदामात मोजलेला उतारा घटतो, हे खरे. परंतु ती साखर तुमच्याच उसातली असल्यामुळे एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, काढताना ही घट उताऱ्यात पुन्हा मिळवायची असते, आणि तिचे प्रमाण कारखान्याने मनाने न ठरवता वसंतदादा साखर संस्थेसारख्या नेमलेल्या यंत्रणेच्या प्रमाणपत्रानुसार धरायचे असते. 2025-26 च्या हंगामासाठी 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये एफआरपी आहे आणि त्यापुढील प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.46 रुपये वाढतात. म्हणजे दीड टक्क्याचा फरक टनामागे 519 रुपयांचा आणि 40 टन ऊस घालणाऱ्याच्या दृष्टीने वीस हजारांहून अधिक रुपयांचा होतो. इतकी रक्कम पानटपरीवरच्या चर्चेच्या भरवशावर सोडणारे सभासद वार्षिक सभेत मात्र भेटवस्तूवरून भांडतात, याचे मला नवल वाटते. निव्वळ उतारा, बी हेवीपोटी मिळवलेली घट, उतारा कोणत्या हंगामाचा धरला आणि तोडणी-वाहतुकीची कपात किती, हे कारखान्याकडे लेखी मागा. उत्तर हाती आल्यावर प्रादेशिक साखर सहसंचालकांच्या कार्यालयात किंवा साखर कारखान्यांचे हिशेब पाहणाऱ्या सनदी लेखापालाकडून ते तपासून घ्या आणि मगच आरोप करा.

प्रश्न : इथेनॉलमुळे मक्याला मागणी आली, पण सोयाबीनचा भाव पडला, असे व्यापारी म्हणतात. यात तथ्य आहे का?

उत्तर : आहे, मात्र तेच एकमेव कारण नाही. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर निर्बंध आणले आणि इंधन कंपन्यांची गरज मोठ्या प्रमाणावर मक्याकडे वळली. मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा प्रथिनयुक्त चोथा, म्हणजे डीडीजीएस, कोंबडीखाद्यात सोयापेंडीपेक्षा स्वस्त पडतो. क्विंटलभर सोयाबीनमधून तेल साधारण 18 किलो निघते आणि बाकी बहुतेक पेंडच असते, त्यामुळे पेंडीची मागणी घटली की लातूरच्या बाजारातही भाव दबतो. खाद्यतेलाची आयात आणि जागतिक उत्पादन यांचाही त्यात वाटा आहे. एका वर्षाच्या भावावरून पीक बदलू नका. जमीन आणि पाणी पाहून कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्या, बियाणे विक्रेत्याचा नव्हे.

प्रश्न : एक कंपनी हत्ती गवतापासून जैव-सीएनजी करणार असून सभासद शुल्क आणि बेण्याचे पैसे आगाऊ मागते. खरेदीची हमी देते. पैसे गुंतवावेत का?

उत्तर : प्रकल्प जागेवर उभा आहे का, हे आधी स्वतः पाहा. गवत टनावर विकले जाते, ओले असते आणि वाहतुकीतच त्याची किंमत संपते. त्यामुळे दूरच्या प्रकल्पाची हमी कागदावरच राहते. नफा शुल्कातून आणि बेण्यातून मिळवणाऱ्याला तुमच्या गवताची गरज नसते. करारनामा वकिलाला दाखवल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

प्रश्न : इथेनॉलचे पैसे आले की थकीत बिल देऊ, असे कारखाना चार महिन्यांपासून सांगतो आहे. किती थांबावे?

उत्तर : कायद्याने चौदा दिवस. त्यानंतरच्या विलंबावर वार्षिक 15 टक्के व्याज देय आहे, मग इथेनॉलचे पैसे आलेले असोत वा नसोत. वजनाच्या पावत्यांच्या प्रती जोडून साखर आयुक्तांकडे लेखी तक्रार करा. थकबाकी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत महसुली येणे म्हणून वसूल करण्याचा आदेश तेथूनच निघतो. व्याजाच्या मागणीचा मसुदा मात्र जाणकार वकिलाकडून करून घ्यावा.